साठ डॉलरचा खेळ, दहा डॉलरचा जाविक

रात्रीचा तळ पडलाय. मधे शेकोटी, बाजूला राहुट्या, दिवसभर राक्षसांशी झुंजून दमलेले सोबती इकडेतिकडे विसावलेत. तळाच्या कडेला एक अनोळखी माणूस उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह तरंगतंय. खेळणाऱ्याला कळतं, याचं आपल्याकडे काहीतरी काम आहे. जवळ गेलं की तो नाव सांगतो: लेव्ही ड्रायडन. कित्येक पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वज स्त्रीवर लागलेला कलंक त्याला पुसायचाय, त्यासाठी डोंगरातला एक ओस पडलेला किल्ला गाठायचाय, सोबत याल का म्हणून तो गळ घालतो. आपण ‘चल’ म्हणायला जातो तर तिथेच कळतं की किल्ल्याची वाट दुकानातून जाते. सात डॉलर मोजा, मग पुढे.

हा गेम ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर या स्टुडिओने केलेला, नोव्हेंबर २००९ मध्ये आलेला. लेव्हीचा किल्ला म्हणजे ‘वॉर्डन्स कीप’ हा जादा भाग, आणि तो मूळ गेमबरोबर त्याच दिवशी विक्रीला आला. पेट्रोल पंपावर टाकी भरून झाल्यावर पोऱ्या हळूच ‘साहेब, इंजिन ऑइल बघू का?’ विचारतो, तसला हा प्रकार. फरक इतकाच की इथे पोऱ्या गोष्टीतलं पात्र होऊन आला होता. त्या काळी लेव्हीची यथेच्छ टिंगल झाली.

गेम खेळणाऱ्यांच्या बोलीत याला ‘डे-वन डीएलसी’ म्हणतात. डीएलसी म्हणजे मूळ गेम घेतल्यावर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा जादा भाग. त्यात नवी मोहीम असते, नवं पात्र असतं, हत्यारं, कपडे, काहीही. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा जग हसलं होतं. घोडा मात्र तेव्हापासून धावतोच आहे. असा भाग सहा महिन्यांनी आला तर पुरवणी म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. मूळ गेम ज्या दिवशी दुकानात लागतो त्याच दिवशी आला की लोक खवळतात.

या भांडणातले दोन पक्ष एकमेकांशी बोलतच नाहीत असं मला फार दिवस वाटत आलंय. गिऱ्हाईक म्हणतं, हे आमचंच होतं, तुम्ही कापून वेगळं विकलंत. स्टुडिओ म्हणतो, हे आम्ही नंतर केलं, वेगळ्या पैशात केलं. स्टुडिओचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं. आणि तरीही गिऱ्हाइकाचा राग चुकीचा नसतो. हे कसं, ते समजायला गेम तयार कसा होतो आणि दुकानात पोचतो कसा, ते पाहावं लागेल. त्यासाठी एकच गेम धरून बसू: ‘मास इफेक्ट ३’, अमेरिकेत प्रसिद्ध झाला ६ मार्च २०१२ रोजी. स्टुडिओ तोच, बायोवेअर. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए. किंमत साठ डॉलर. त्याच दिवशी ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ नावाचा जादा भाग दहा डॉलरला. या भागात एक मोहीम आणि एक सोबती मिळतो. सोबत्याचं नाव जाविक.

मोठा गेम करायला काही वर्षं आणि शेकडो माणसं लागतात, पण सगळ्यांना सगळा वेळ काम नसतं. इमारतीवर गवंडी आधी मोकळा होतो, रंगारी शेवटी येतो, तसंच. सुरुवातीला लेखक आणि चित्रकार. जग कसं दिसेल, माणसं कशी बोलतील, ग्रहावरचं आभाळ कुठल्या रंगाचं. मग त्या चित्रांवरून त्रिमितीतली पात्रं आणि जागा उभ्या करणारे, लढाया कुठे होतील, आडोसा कुठे मिळेल हे ठरवणारे. स्टुडिओत नट येऊन संवाद बोलून जातात. हे चालू असताना प्रोग्रॅमर सगळ्याला सांधत असतात. आणि मग एक दिवस ठरतो की आता आत नवं काही जायचं नाही. जे आहे ते आहे. इंग्रजीत त्याला ‘कंटेंट कम्प्लीट’ म्हणतात. आपल्याकडे दिवाळी अंकाची पानं लागली की संपादक नवी कविता घेत नाही, मग ती कितीही मोठ्या कवीची असो, तो हा दिवस.

त्या दिवसानंतर उरते ती निस्तरणी. परीक्षक तोच दरवाजा हजार वेळा उघडून पाहतात. पात्र भिंतीत अडकतं का, संवाद अर्ध्यात तुटतो का, अमुक मोहीम तमुक मोहिमेच्या आधी केली तर गोष्ट उलटी होते का. मास इफेक्टसारख्या गेममध्ये हे फार किचकट, कारण खेळणाऱ्याने आधीच्या दोन गेममध्ये कुणाला वाचवलं आणि कुणाला मरू दिलं हे सगळं तिसऱ्यात लक्षात ठेवलेलं असतं. मेलेला माणूस येऊन नमस्कार करायला लागला तर पंचाईत.

मग येते सर्टिफिकेशनची पायरी. एक्सबॉक्सवर गेम आणायचा तर मायक्रोसॉफ्टची परवानगी, प्लेस्टेशनवर आणायचा तर सोनीची. या कंपन्या गेम चांगला आहे का ते बघत नाहीत. यंत्राशी नीट वागतो का ते बघतात. खेळता खेळता कंट्रोलर बंद पडला तर गेम थांबतो का? जागा संपलेली असताना सेव्ह करायला गेलं तर नीट सांगतो का? बटणांची नावं कंपनीने ठरवून दिल्याप्रमाणेच लिहिली आहेत का? यातलं एखादं चुकलं की परत पाठवतात, दुरुस्त करून पुन्हा रांगेत. पास झालं की डिस्का छापायला जातात, लाखांनी. त्या डब्यांत भरायच्या, ट्रकांत चढवायच्या, देशोदेशीच्या दुकानांत वेळेवर पोचवायच्या. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कवर मास इफेक्ट ३ मावला नाही, म्हणून डब्यात दोन डिस्का घालाव्या लागल्या.

गेमचे कार्यकारी निर्माते केसी हडसन यांनी २०१२ साली हाच हिशेब मांडला होता. काम पूर्ण झालं असं ठरल्यापासून चुका काढणं, मंजुरी, छपाई आणि वाहतूक यांत सुमारे तीन महिने जातात, आणि त्या तीन महिन्यांत आम्ही जादा भागावर काम करतो. मला हे पटतं. त्या काळात लेखक, चित्रकार, मोहिमा रचणारे यांच्या हातात मूळ गेमचं काम जवळपास उरलेलं नसतं. मालकापुढे तीन वाटा: त्यांना पुढच्या गेमवर टाकायचं, जो अजून कागदावरही धड नसतो, घरी पाठवायचं, जे या धंद्यात सर्रास होतं, किंवा जादा भागाला जुंपायचं. आणि जादा भागाला डिस्क लागत नाही. छपाई नाही, ट्रक नाही, फक्त मंजुरी. त्यामुळे मागून निघालेली गाडी फलाटावर त्याच वेळी येते. दोन्ही एकत्र आल्या म्हणजे एकाच वेळी सुटल्या होत्या असं नाही.

इथवर स्टुडिओची बाजू भक्कम आहे. पण मग कुणीतरी डिस्कच्या पोटात हात घातला.

गेम बाजारात आला आणि लगेच काही जणांनी दाखवून दिलं की ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ न घेताही जाविक सापडतो. कम्प्युटरवरच्या गेममध्ये ‘कोअलेस्ड’ नावाची एक फाइल असते. गेमच्या हजारो बारीकसारीक सेटिंग त्यात लिहिलेल्या असतात. त्यातली किरकोळ नोंद बदलली की सोबती निवडायच्या पडद्यावर जाविक येऊन उभा राहतो. चार डोळ्यांचा, लाल चिलखतातला, हातात बंदूक. मोहिमेवर येतो, लढतो. म्हणजे तो डिस्कवर होताच! आता बोला.

बायोवेअरच्या मायकेल गॅम्बल यांनी उत्तर दिलं ते असं: जादा भाग सहाशे मेगाबाइटहून मोठा आहे, त्यातली मोहीम, संवाद, दृश्यं डिस्कवर नाहीत; पात्राचा सांगाडा आणि काही आराखडा मात्र आधीच डिस्कवर ठेवावा लागतो. हे का, ते थोडं समजून घेण्यासारखं आहे. सोबती म्हणजे किल्ल्यासारखी एकटी जागा नव्हे. तो गेमभर आपल्याबरोबर हिंडतो. निवडीच्या पडद्यावर त्याची चौकट हवी, कुठल्याही मोहिमेत त्याला उभं करायची सोय हवी, इतरांनी त्याच्याशी बोलायला जागा हवी. हे सगळं मूळ गेमच्या वासे-तुळयांत आधीच खाचा पाडून ठेवल्याशिवाय जमत नाही. आणि त्या काळी एक्सबॉक्सवर मूळ गेममध्ये मागून बदल करायला मिळणारा पॅच अगदी चिमुकला असावा लागे. तेव्हा खाचा आधीच पाडाव्या लागल्या हे खरं.

पण खाच आधी पाडली याचा अर्थ खुंटी बसणार हेही आधीच ठरलं होतं. डिस्क छापायच्या आधी जाविकचं शरीर तयार होतं, म्हणजे जाविक असणार हा निर्णय कंटेंट कम्प्लीटच्या कितीतरी आधीचा. ‘तीन महिन्यांत केलं’ हे अंमलबजावणीबद्दल खरं आहे, बेताबद्दल नाही.

योगायोग बघा. त्याच ६ मार्च २०१२ ला अमेरिकेत आणखी एक गेम आला, जपानच्या कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर क्रॉस टेक्केन’. दोन प्रसिद्ध मारामारीच्या गेममधले पैलवान एका आखाड्यात. त्याच्या डिस्कवर बारा पैलवान पूर्ण तयार होते, फक्त कुलूपबंद. किल्ली पुढे काही महिन्यांनी, वीस डॉलरला. तक्रारी झाल्यावर कॅपकॉमने म्हटलं की भाग डिस्कवर कुलूपबंद ठेवला काय आणि नंतर डाउनलोडला ठेवला काय, तसा फरक नाही. फरक पोचवण्याच्या पद्धतीचा. डिस्कवर असल्यामुळे ज्याने पैलवान विकत घेतलेत आणि ज्याने नाहीत ते दोघं एकमेकांशी लढू शकतात, हा मुद्दाही होता. लोक आणखी चिडले. पुढे अशी डिस्कवर ठेवायची पद्धत पुन्हा तपासून पाहू असं कंपनीला सांगावं लागलं.

मला विचाराल तर कॅपकॉमचं पहिलं वाक्य उद्धट होतं पण चूक नव्हतं. ‘डिस्कवर आहे म्हणून माझं’ हा दावा कच्चा आहे. मग उद्या कंपनी तेच बारा पैलवान डिस्कवर न टाकता सर्व्हरवर ठेवील, आणि तुमचा दावा हवेत जाईल. आज तर बहुतेकांकडे डिस्कच नसते. वस्तू कुठल्या कपाटात ठेवली होती यावरून ती कुणाची हे ठरत नाही.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा पेच अगदीच अनोळखी नसावा. बिल्डर फ्लॅटचे पैसे घ्यायचा आणि खालच्या स्टिल्टमधली पार्किंगची जागा वेगळ्या पैशात विकायचा. दहिसरच्या पांचाली सोसायटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २०१० मध्ये निकाल लागला की ती जागा अशी सुटी विकता येणार नाही. खांब कधी उभे केले, त्यावर खर्च वेगळा झाला का, यावर निकाल ठरला नाही. ‘फ्लॅट’ म्हणून जे विकलं त्यात ही जागा येते का, सोसायटीच्या सामाईक भागात मोडते का, हा प्रश्न होता. गेमच्या बाबतीत असा कायदा नाही, पण विचारायचा प्रश्न तोच: या नावाखाली तुम्ही मला काय विकलंत?

त्याकडे वळण्याआधी जरा सेकंड हँडच्या बाजारात जाऊन यायला हवं, कारण ही सगळी वाट तिथूनच फुटली.

अमेरिकेत गेमची डिस्क खेळून झाली की दुकानात परत विकायची आणि दुकानाने ती दुसऱ्याला थोड्या कमी भावात द्यायची, हा मोठा धंदा होता. तिथल्या कायद्याने एकदा विकलेली वस्तू घेणारा पुढे विकू शकतो. त्या दुसऱ्या विक्रीतला छदामही प्रकाशकाला मिळत नाही. ईएने यावर काढलेला तोडगा ‘प्रोजेक्ट टेन डॉलर’ नावाने ओळखला गेला. नव्या डब्यात एक कागद, त्यावर एकदाच चालणारा कोड. कोड घातला की जादा भाग फुकट. जुनी डिस्क घेणाऱ्याला तोच भाग विकत घ्यावा लागणार. ड्रॅगन एजमध्ये शेल नावाची दगडाची सोबतीण अशी आली: नव्या डब्यात फुकट, नाहीतर पंधरा डॉलर. जानेवारी २०१० च्या ‘मास इफेक्ट २’ मध्ये झाईद नावाचा भाडोत्री सैनिक तसाच आला.

ही व्यवस्था मी लॅमिंग्टन रोडवर शिकलो. २०११ च्या पावसाळ्यात तिथल्या एका टपरीवजा दुकानातून एक जुनी डिस्क घेतली. डबा कोरा करकरीत, आत कागदही होता, त्यावर कोड. घरी येऊन एकेक अक्षर बघून टाकला, शून्य की ओ यावर दोनदा अडखळलो, आणि पडद्यावर आलं की हा कोड आधीच वापरला गेलाय. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, “सेकंडमध्ये कोड नसतो भाऊ, कागद येतो फक्त.” कागद येतो फक्त! विकत घ्यायचं तर घरात कुणाकडे परदेशी व्यवहार चालणारं कार्ड नव्हतं, आणि आमच्या तेव्हाच्या पाचशे बारा केबीपीएसच्या लाइनवर सहाशे मेगाबाइट उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी पावणेतीन तास लागत. सगळं सुरळीत कधी चालत नसे.

तरीही माझी त्या व्यवस्थेबद्दल मोठी तक्रार नाही. नव्या डब्याला पूर्ण पैसे देणाऱ्याला पूर्ण गेम मिळत होता. झळ बसली ती माझ्यासारख्याला, ज्याने बायोवेअरला किंवा आणखी कुणाला एक पैसाही दिला नव्हता. आता क्रम बघा: २००९ मध्ये शेल, नव्या डब्यात फुकट. २०१० मध्ये झाईद, नव्या डब्यात फुकट. २०१२ मध्ये जाविक, आणि साठ डॉलरचा नवा डबा घेणाऱ्यालाही दहा डॉलर वेगळे. फुकट कुणाला, तर ऐंशी डॉलरची खास आवृत्ती घेणाऱ्याला. जुन्या डिस्कवाल्यासाठी लावलेलं फाटक तीन वर्षांत सरकत सरकत नव्या गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर आलं. फाटक उघडायला पैसे लागतात याची सवय तोवर सगळ्यांना झाली होती. मे २०१३ मध्ये ईएने जुन्या डिस्कांवर ऑनलाइन खेळायला लागणारा पास बंद केला. डे-वन डीएलसी मात्र राहिलं.

आता जाविक कोण, हे सांगायला हवं. मास इफेक्टची गोष्ट २००७ च्या पहिल्या भागात ईडन प्राइम नावाच्या ग्रहावर सुरू होते. नायक किंवा नायिका, शेपर्ड, तिथे एका प्राचीन स्तंभाच्या तावडीत सापडते आणि डोक्यात कुण्या नष्ट झालेल्या वंशाचा आक्रोश भरतो. हा वंश म्हणजे प्रोथियन. पन्नास हजार वर्षांपूर्वी रीपर नावाच्या महायंत्रांनी त्यांचा निर्वंश केला, आणि आता ती यंत्रं परत येत आहेत. दोन अख्खे गेम आपण प्रोथियनांची भांडीकुंडी, अवशेष, इशारे गोळा करत हिंडतो. आपल्याबरोबर लियारा नावाची असारी वंशाची संशोधक असते, तिचं सारं आयुष्य प्रोथियनांच्या अभ्यासात गेलेलं. आणि तिसऱ्या भागात, त्याच ईडन प्राइमवर, जमिनीखालच्या एका पेटीत, एक प्रोथियन जिवंत सापडतो.

दहा डॉलरला.

प्रोथियन शहाणे, उदार असतील अशी सगळ्यांची कल्पना असते. हा निघतो चिडका, गर्विष्ठ, सूडाने पेटलेला. त्याच्या लोकांनी साम्राज्य उभारलं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नाही. पुढे असारींच्या थेसिया ग्रहावर, त्यांच्या देवीच्या देवळात मोहीम होते. जाविकला बरोबर नेलं तर तो तिथल्या मूर्तींकडे बघून लियाराला सांगतो की तुम्ही ज्यांना देव म्हणता ते आम्ही. तुम्हाला आम्हीच शिकवलं. बाहेर त्याच वेळी तिचा ग्रह जळत असतो.

जाविक नसला तरी मोहीम होते. देवळातलं रहस्य कळतं. गेम अडत नाही, शेवट बदलत नाही. मी पहिल्या खेपेला त्याच्याविना खेळलो आणि काही राहिलं असं वाटलं नाही. भोक दिसत नाही; भोक आहे हे कुणी सांगितलं की मग दिसायला लागतं. ही खरं तर लेखकांची कसरत आहे, आणि तिचं कौतुक कुणी करत नाही. नसला तर चुकचुकू नये आणि असला तर दहा डॉलर वसूल व्हावेत, असं पात्र लिहायचं. पंगतीत एक पाट रिकामा ठेवायचा, पण तो रिकामा आहे हे बसलेल्यांना कळता कामा नये.

म्हणून माझा निवाडा थोडा उफराटा आहे. लेव्ही ड्रायडन दिसायला ओंगळ होता. गोष्ट सांगता सांगता मधेच गल्ला पुढे करणं यापेक्षा अडाणी विक्री मी पाहिलेली नाही. पण त्याचा किल्ला गोष्टीच्या कडेला होता. नाही पाहिला तर ड्रॅगन एजचं काही जात नव्हतं. विक्री वाईट, व्यवहार सरळ. जाविकची विक्री सभ्य होती, गोष्टीत कुठे गल्ला दिसत नव्हता. पण दोन गेमभर ज्याच्या शोधात फिरवलं तोच बाजूला काढून ठेवला होता. विक्री चांगली, व्यवहार वाकडा.

यावर एक आडवा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये मास इफेक्ट ३ साठीच ‘लेवायथन’ हा जादा भाग आला. रीपर मुळात आले कुठून, कुणी बनवले, हे त्यात कळतं. म्हणजे जाविकपेक्षाही गाभ्यातली गोष्ट, आणि तीही विकत. मग त्यावर तेवढा गदारोळ का झाला नाही? एक कारण असं की तोवर गेमच्या शेवटावरून इतकं रणकंदन माजलं होतं की बाकी सगळं त्यात बुडालं. स्टुडिओने जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट फुकट दिला, तेव्हा कुठे ते निवळलं. पण खरं कारण मला वेगळं वाटतं. ऑगस्टपर्यंत लोकांनी गेम खेळून संपवला होता. साठ डॉलरचा हिशेब लागला होता, वसूल झाले की बुडाले ते ज्याचं त्याला ठाऊक होतं. आता आणखी हवंय का, एवढंच ठरवायचं होतं. ६ मार्चला गिऱ्हाइकाने डबाही फोडलेला नसतो. आत काय आहे हे माहीत नसताना आत काय नाही याचे पैसे द्यायचे की नाही, हे त्याला ठरवायला लावलं जातं. पहिल्या दिवसात खोट आहे ती इथे. भाग केव्हा बनवला हा वाद त्यामानाने फिजूल आहे.

पैशांचं म्हणाल तर साठ डॉलर ही किंमत २००५ च्या सुमारास ठरली आणि २०२० पर्यंत जवळपास हलली नाही. दरम्यान महागाई वाढली, गेम करायचा खर्च तर कितीतरी पटींनी वाढला. प्रकाशकांनी डब्यावरचा आकडा तसाच ठेवून दहा डॉलर बाजूच्या दाराने मिळवले. सरळ सत्तर म्हटलं असतं तर कुरकुर झाली असती, पण जाविक आत असता. २०२० मध्ये सत्तर डॉलरचा भाव आलाच. बाजूचं दार काही बंद झालं नाही!

अशा चर्चेत पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचं नाव हटकून निघतं. मे २०१५ मध्ये त्यांचा ‘विचर ३’ आला आणि त्यांनी सोळा लहान जादा भाग सगळ्यांना फुकट वाटले; दोन मोठे भाग विकले ते ऑक्टोबर २०१५ आणि मे २०१६ मध्ये, आणि त्यातला दुसरा तर आकाराने एखाद्या स्वतंत्र गेमएवढा. छानच. फक्त हार घालण्याआधी एवढं लक्षात ठेवावं की त्या दोन भागांचा पास गेम यायच्या आधीपासूनच विकायला होता. डबा न फोडलेल्या माणसाकडून आगाऊ पैसे त्यांनीही घेतले.

आता डिस्का मागे पडल्या आहेत. नाशिकमधला मुलगा स्टीम या इंटरनेटवरच्या दुकानात रुपयांत पैसे भरतो, नोव्हेंबर २०१५ पासून ती सोय झाली. छपाई आणि ट्रकांचा काळ गळाला, त्यामुळे तीन महिन्यांचा युक्तिवादही पातळ झाला. गेम आता प्रसिद्ध व्हायच्या आदल्या आठवड्यातही दुरुस्त होतो आणि पहिल्या दिवशीच त्याचा गलेलठ्ठ पॅच येतो. विकायच्या गोष्टीही बदलल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ची महाग आवृत्ती घेणाऱ्यांना गेम पाच दिवस आधी खेळायला मिळाला, म्हणजे पहिला दिवसच विकला. मार्च २०२४ मध्ये कॅपकॉमच्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ बरोबर पहिल्याच दिवशी सुट्या चिल्लर वस्तूंची यादी लागली: चेहरा बदलायचं पुस्तक, लांबचा प्रवास झटकन करायला लागणारा स्फटिक. या बहुतेक वस्तू गेममध्ये खेळूनही मिळत होत्या. तरी स्टीमवर वाईट शेऱ्यांचा पाऊस पडला, कारण खेळताना मिळणं कठीण ठेवलंय ते गंमत म्हणून की दुकान चालावं म्हणून, ही शंका एकदा मनात शिरली की जात नाही. जाविकच्या वेळी निदान ही शंका नव्हती. त्याला घ्या किंवा सोडा, उरलेला गेम त्याच्यासाठी मुद्दाम अवघड केलेला नव्हता.

मे २०२१ मध्ये ‘मास इफेक्ट लेजंडरी एडिशन’ आली. तिन्ही गेम नव्याने घासूनपुसून, आणि गोष्टीचे जवळजवळ सगळे जादा भाग आत घालून. वेगळे पैसे नाहीत. माझा भाचा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती खेळत होता. ईडन प्राइमची मोहीम त्याला इतर मोहिमांसारखीच यादीत दिसली, त्याने केली, जाविकला जहाजावर आणलं. थेसियाला जाताना बरोबर कुणाला नेऊ असं त्याने सहज विचारलं.

“लियाराला ने,” मी म्हटलं. “आणि त्या चार डोळेवाल्याला.”

“का? काय होतं?”

“मी पाहिलेलं नाही.”

त्याला ते खोटं वाटलं. मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. देवळाचं दार उघडलं, मूर्ती दिसल्या, आणि जाविक बोलायला लागला.